साडूच्या गाडीतला दिवा

साडू येतोय हे मिस्त्रीला तो दिसायच्या आधीच कळायचं. एरवी ते त्याच्या बोलण्यावरून कळायचं, कारण हा गृहस्थ फोनवरसुद्धा असा बोलायचा की पलीकडच्याने फोन ठेवून दिला तरी त्याला ऐकू गेलं असतं. त्या सकाळी मात्र गॅरेजच्या कोपऱ्यावरून असा काही आवाज आला की मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि शेजारच्या शेडमधल्या वेल्डरने तोंडावरची काच वर केली. पत्र्याच्या पिंपात तोंड घालून कुणी बोंब ठोकावी, तसा आवाज. मग कोपऱ्यावरून एक पांढरी, चार दारांची, अगदी घरगुती गाडी वळली. मागच्या काचेवर गाद्यांच्या दुकानाचं स्टिकर आणि बंपरखाली नरसाळ्याएवढं चकचकीत नळकांडं.

"आला भोंगा," मिस्त्री म्हणाला.

हे नाव त्यानेच पाडलेलं. मेहुणीचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत या माणसाने सासऱ्यांना पाठीच्या कण्यावर पाऊण तास ऐकवलं होतं. भोंगा गाद्यांच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर होता आणि जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांचं मूळ त्याला चुकीच्या गादीत सापडायचं. मिस्त्रीची दाढ दुखत होती तेव्हाही त्याने उशी बदलायला सांगितली होती.

मिस्त्री कामाचा पक्का माणूस. सव्वीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेली. इंजिनाच्या आवाजात जरा कुठे फरक पडला की त्याचा कान टवकारायचा. पण गाडीच्या मालकांबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं. गाड्या चांगल्या असतात, त्यांना माणसं वाईट भेटतात, असं त्याला मनापासून वाटायचं. आणि या वाईट माणसांच्या रांगेत त्याने आपल्या साडूला फार पूर्वीच पहिल्या नंबरावर उभं केलं होतं. तोंडावर मात्र 'तुम्ही' आणि 'बसा'. नातंच तसं.

"ऐकलंत का दादा?" भोंगा उतरता उतरता म्हणाला. "आता कशी बोलते गाडी!"

"ऐकलं. बोलते कुठे, बोंबलते. सायलेन्सर काढलात?"

"सायलेन्सर काढला, आणि पुढचं ते डबडंही. कॅट का काय म्हणतात ते. एक्झॉस्टवाला म्हणाला, त्याने इंजिनाचा श्वास कोंडतो. आता सरळ पाईप. वीस टक्के ताकद वाढली."

"कुणी मोजली?"

"मोजायला कशाला हवी? जाणवते ना!"

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांवर रंगीत चष्मा, शर्टाच्या खिशाला दुकानाचा बिल्ला, पोट बिल्ल्याच्या दोन बोटं पुढे. हा माणूस या गाडीतून उशांचे नमुने वाहतो आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांना रोज व्यायामाला नेतो. वाढलेली ताकद नेमकी कुठे लावायची होती याला?

"फक्त एक बारीकशी गोष्ट आहे," भोंगा म्हणाला. "परवापासून हा पिवळा दिवा लागलाय. इंजिनाचं चित्र आहे त्यावर. तेवढा घालवून द्या. मी व्हिडिओत बघितलंय, दोन मिनिटांचं काम आहे."

व्हिडिओ हा शब्द ऐकला की मिस्त्रीच्या मानेची शीर ताठ व्हायची. तरी त्याने शांतपणे सांगितलं. कॅट म्हणजे डबडं नव्हे. इंजिनातून निघणारा विषारी धूर त्यात शुद्ध होतो. त्याच्या मागे एक सेन्सर असतो, तो धूर तपासत बसतो. आता धूर जसाच्या तसा बाहेर येतोय म्हटल्यावर सेन्सर ओरडणारच. दिवा बिघडलेला नाही. दिवा खरं बोलतोय.

"म्हणजे सेन्सरच काढून टाकायचा?" भोंगा म्हणाला.

वेल्डर हसला. मिस्त्रीला हसूही आलं नाही. त्याने स्कॅनर आणला, गाडीच्या स्टिअरिंगखाली लावला. पडद्यावर अक्षरं उमटली: बिघाडाचे एकूण कोड तीन. खाली पहिला कोड, कॅट काम करत नसल्याचा. पुढचे दोन बघायला एक बटण दाबायचं होतं.

मिस्त्रीने ते दाबलं नाही.

का नाही दाबलं, याचं खरं उत्तर त्याला तेव्हाही ठाऊक होतं. या माणसाच्या मूर्खपणावर आपलं आणखी अर्धं मिनिटही खर्च करायचं नाही, एवढंच. मूर्खाच्या गाडीत मूर्खपणाचेच कोड असणार, त्यात वाचायचं काय?

"वर घेऊ का?" वेल्डरने रॅम्पकडे मान करून विचारलं. "बघू तरी कसं जोडलंय."

"काही नको. जसं डोकं, तसं जोडलं असेल."

भोंग्याने हे ऐकलं आणि तो मोठ्याने हसला. कुणी त्याला हसलं की तोही त्यात सामील व्हायचा. मिस्त्रीला त्याची ही सवय सगळ्यात जास्त डाचायची. पाणउतारा करावा तर समोरच्याला तो कळायला नको का?

मग मिस्त्रीने टेबलावरून काळ्या टेपचं रिळ उचललं. नखाएवढा तुकडा दातांनी तोडला, गाडीत वाकला आणि पिवळ्या दिव्यावर नीट, चारही कडा दाबून चिकटवला.

"घ्या. झाला दुरुस्त."

त्याला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल, आता तरी हा ओशाळेल. भोंग्याने वाकून बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"वा!" तो म्हणाला. "हे मला कसं सुचलं नाही?"

आणि पिंपात बोंब ठोकत तो निघून गेला.

दुपारी जेवताना मिस्त्रीने ही हकिकत बायकोला रंगवून सांगितली. भोंग्याची नक्कल तो फार छान करायचा. बायको हसली, पण तिचं हसू लवकर सरलं.

"अहो, पण गाडी नीट बघितलीत ना? बाबा रोज जातात त्या गाडीतून."

"बघितली," मिस्त्री म्हणाला आणि आमटीची वाटी पुढे केली.

सासरे धाकट्या मुलीकडे राहायचे. कापडगिरणीत बॉयलरवर आयुष्य गेलेलं, बोलणं कमी, ऐकू थोडं कमी. गुडघा नवा बसवल्यापासून त्यांना रोज व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. पाय दुमडायचा नाही म्हणून ते मागच्या सीटवर आडवा पाय टाकून, दाराला उशी लावून बसायचे. थंडीचे दिवस, म्हणून मागच्या काचा बंद. भोंगा मात्र स्वतःची काच चार बोटं खाली ठेवायचा, कारण नाहीतर पाईपचा आवाज ऐकू कसा येणार?

आठवडाभराने मेहुणीचा फोन आला. बाबांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही. बायकोने फोन मिस्त्रीच्या हातात दिला, तोवर पलीकडे भोंगा येऊन बसला होता.

"काही नाही दादा, मानेचा प्रॉब्लेम आहे. गाडीतली उशी चुकीची होती. मी त्यांना मेमरी फोमची आणलीय. चार दिवसांत फरक पडेल."

मिस्त्रीने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "माणसाच्या डोक्यात फोम भरलेला असला की असं होतं." ते वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने दुसऱ्या दिवशी ते वेल्डरलाही ऐकवलं. वेल्डर हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "म्हाताऱ्यांचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"आठ-दहा दिवस झाले."

वेल्डर काच खाली ओढून कामाला लागला. मिस्त्रीला त्या गप्प बसण्याचा राग आला आणि राग का आला याचा त्याने विचार केला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, अकराच्या सुमाराला, मेहुणीने रडत फोन केला. बाबा गाडीतून उतरताना दवाखान्याच्या पायरीवरच कोसळले होते. उलटी झाली, कुणाला ओळखेनात, जीभ जड झाली. व्यायाम घेणाऱ्या बाईने क्षणभरही न दवडता त्यांना समोरच्या इस्पितळात हलवलं होतं.

मिस्त्री आणि त्याची बायको पोचली तेव्हा सासऱ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. चेहरा चांगला लालबुंद, आजारी माणसाचा वाटूच नये असा. बाहेरच्या बाकावर मेहुणी पदराचा बोळा करून बसली होती. भोंगा येरझारा घालत होता आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होता. त्याचंही डोकं ठणकत होतं, असं तो म्हणत होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहान, चालण्यात घाई.

"रक्तात विषारी वायू सापडलाय. बंद जागेत काही जळत असेल तर होतो तसा. घरात कोळशाची शेगडी आहे? गॅसचा गिझर? जनरेटर?"

"नाही हो," मेहुणी म्हणाली. "आमच्याकडे सगळं विजेवर."

"मग रोज कुठे बंद जागेत बसतात का?"

मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर ती गाडी आली. कॅट काढलेला पाईप. बंद काचा. पुढची चार बोटं उघडी काच, जी मागची हवा ओढून आत घेणार. मागच्या सीटवर दीड तास आडवं पडलेलं माणूस. सगळं कसं एकाला एक जुळत गेलं, आणि या सगळ्याच्या तळाशी एक न दाबलेलं बटण होतं.

"गाडी," तो म्हणाला. "गाडीत धूर शिरतोय. त्यांना आता त्या गाडीत बसवायचं नाही. कुणालाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या आत गेल्या. भोंगा येरझारा थांबवून त्याच्यासमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. आरोप करायला जी बुद्धी लागते तीही नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

"पण दादा, तुम्ही गाडी बघितली होती ना?"

बायकोने मान वर केली. तिला विचारायची गरजच नव्हती, तिचं जेवताना विचारून झालं होतं.

मिस्त्रीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. कॅट काढू नये हे मी तोंडावर सांगितलं होतं. टेप लावला तो थट्टेत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या एक्झॉस्टवाल्याकडे कुणी जायला सांगितलं होतं? सगळी उत्तरं खरी होती. पण त्याने समोर बघितलं तर काचेपलीकडे सासऱ्यांची पावलं दिसत होती, एकावर पट्टी, एकात मोजा, आणि त्या पावलांसमोर त्यातलं एकही उत्तर बाहेर पडेना.

"नव्हती बघितली," तो म्हणाला. "मशीन तीन कोड दाखवत होतं. मी एकच वाचला. गाडी वरही घेतली नाही. आणि घरी येऊन हिला सांगितलं की बघितली."

मेहुणीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. बायको उठून काचेपाशी गेली.

मग भोंगा पुढे आला. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर आपला जाड, उबदार हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी.

"असू द्या दादा," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज परत पहिल्यासारखा साऱ्या व्हरांड्याला ऐकू जात होता. "चुकतो माणूस. मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्यावर रागावलो नाही."

बाकांवरची चार अनोळखी माणसं वळून बघायला लागली. सव्वीस वर्षांत मिस्त्रीला गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या होत्या, एकाने जॅकचा दांडा उगारला होता. यातलं काहीही त्याला या हाताइतकं जड गेलं नव्हतं. या माणसाकडून माफी! ज्याला सेन्सर कशाला असतो हे ठाऊक नाही, जो धुराने गुदमरलेल्या म्हाताऱ्याला उशी देतो, तो आपल्याला माफ करतोय, आणि आपल्याला 'हात काढा' म्हणायचीही सोय नाही.

तो तसाच उभा राहिला. हात निघायला बराच वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत सासऱ्यांनी दोन्ही मुलींना नावाने हाक मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं, सुटतील. काही दिवस विसराळूपणा राहील, तेवढं सांभाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गाडी ओढून आणली आणि वेल्डरने ती न विचारताच रॅम्पवर चढवली. खाली उभं राहून दोघांनी बघितलं. नवा पाईप जुन्या पाईपाला जोडला होता तिथे तीन बोल्टांपैकी दोनच होते आणि मधे धूर अडवणारं गॅस्केट नव्हतंच. सांध्याभोवती काजळीचा जाड थर. पाईप टांगायला एक्झॉस्टवाल्याने डिकीच्या तळाचं रबरी बूच काढून त्यातून तार ओवली होती आणि भोक तसंच उघडं ठेवलं होतं. त्या भोकाच्या कडाही काळ्या. सांध्यातून निघालेला धूर सरळ डिकीत, डिकीतून सीटमागे, सीटमागून म्हाताऱ्याच्या नाकात.

मिस्त्रीने स्कॅनर लावला आणि या वेळी बटण दाबलं. दुसरा कोड: कॅटच्या आधी, इंजिनाकडे जो आणखी एक सेन्सर असतो, त्याला जास्तीची हवा लागतेय. तिसरा त्याचाच भाऊ. सांधा गळतोय हे कुठलाही शिकाऊ माणूस यावरून सांगू शकला असता.

'मी म्हटलं होतं' असं वेल्डर म्हणाला नाही. त्याने फक्त पक्कड पुढे केली.

कॅट परत मागायला मिस्त्री स्वतः एक्झॉस्टवाल्याकडे गेला. दुकानाबाहेर नवीन नळकांडी लोंबकळत होती, आत मोठ्याने गाणी लागलेली. मालक खुर्चीत रेलून बसलेला, पाय टेबलावर.

"जुना कॅट? तो भंगारात गेला. गिऱ्हाइकच म्हणाले, नको."

"त्यातल्या महागड्या धातूसाठी तू तो विकलास, हे त्यांना सांगितलं होतंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"दोन बोल्ट लावलेस. डिकीत भोक उघडं ठेवलंस. आमचं म्हातारं माणूस मरता मरता वाचलं."

मालकाने पाय खाली घेतले, पण तोंडावरचं हसू तेवढं राहिलं. "मग गाडी तुमच्याकडे आली होती ना, मिस्त्री? ते साहेब म्हणाले, आमचे साडू स्वतः गॅरेजवाले आहेत, त्यांनी पास केलीय. म्हणून मी पण निवांत होतो."

मिस्त्री वळला आणि चालू लागला. त्या टेबलावर लाथ घालावी असं त्याला फार वाटलं. पण लाथ घालायलाही पायाखाली थोडी जमीन लागते आणि ती त्याने स्वतःच उकरून टाकली होती.

त्याने नवा कॅट मागवला, मूळचा सायलेन्सर भोंग्याच्या माळ्यावरून काढून आणला, तीन बोल्ट, गॅस्केट, बूच, सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. पिवळा दिवा विझला. भोंगा गाडी न्यायला आला, इंजिन चालू केलं आणि थोडा वेळ कान देऊन बसला.

"काही ऐकूच येत नाही हो," तो खट्टू होऊन म्हणाला. "चालू आहे ना नक्की?"

"चालू आहे."

"जरासा आवाज राहू दिला असता तर..."

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. पूर्वीचा तोच जुना संताप, तोच तिरस्कार घशापर्यंत आला, जसाच्या तसा, एक कणही कमी न झालेला. फक्त तो बाहेर काढायचा हक्क आता मिस्त्रीला उरला नव्हता. "जा," तो म्हणाला. "सावकाश जा."

सासऱ्यांनी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला. व्यायाम तर चुकवायचा नव्हता. म्हणून मिस्त्री रोज सकाळी गॅरेज उशिरा उघडून आपल्या जुन्या टेम्पोतून त्यांना न्यायला लागला. पहिले तीन दिवस म्हातारा काही बोलला नाही. चौथ्या दिवशी, सिग्नलला टेम्पो थांबला असताना, समोर बघतच म्हणाला,

"गिरणीत माझ्या हाताखाली एक होता. वाफेचा काटा बघायचा कंटाळा करायचा. न बघताच वहीत आकडा लिहायचा."

मिस्त्री लाल दिव्याकडे बघत राहिला.

"त्याला मी काढून टाकला. हुशार होता. हुशार होता म्हणूनच काढला. मठ्ठ असता तर त्याच्या मागे मी दुसरा माणूस उभा केला असता."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. मिस्त्रीने गिअर टाकला.

"धाकटा जावई मठ्ठ आहे," सासरे म्हणाले. "ते मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. त्याच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. तुझ्याकडून होती."

"बाबा, माझं चुकलं."

"हो," सासरे म्हणाले. एवढंच.

दवाखान्यापाशी मिस्त्रीने टेम्पो लावला, फिरून येऊन दार उघडलं आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याने त्या हाताकडे बघितलं, मग दाराची कड धरली, आधी चांगला पाय खाली टाकला, मग दुखरा, आणि काठी टेकत स्वतःच पायऱ्यांकडे निघाला. पाच पायऱ्या होत्या. मिस्त्री एक पायरी मागे राहून, दोन्ही हात अर्धवट उघडे धरून, त्यांच्या मागोमाग चढत राहिला.